घरच्या घरी मोटर भरणं आणि नवी बनवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंखा जळला, पंपाने मान टाकली, मिक्सरमधून धूर आला की आपण तो ‘भरायला’ देतो, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायला. हे पान स्वतः भरून बघणाऱ्यांसाठी आहे. भरता भरता तारेचं गेज, वेढे किंवा जोडणी बदलली तर काय होतं, याची उत्सुकता असणाऱ्यांसाठीही आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातली हौशी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच इथे घेतलेत. बहुतेक उत्तरांत एकच आग्रह दिसेल: खोलण्याआधी लिहून ठेवा आणि चालवल्यावर मोजा.

सुरुवात कुठल्या मोटरीपासून करावी?

जळलेल्या सीलिंग फॅनपासून. भंगारवाल्याकडे तो सहज मिळतो. रोटर (फिरणारा भाग) बाहेर आणि स्टेटर (स्थिर भाग) आत असल्यामुळे तार भरायच्या खाचा तुमच्याकडे तोंड करून असतात, हात सहज पोचतो. करंट कमी, वेग कमी, फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बन आणि कॉम्युटेटरची भानगड नाही. चुकलात तरी शे-दोनशे ग्रॅम तारेपलीकडे फार काही जात नाही.

दुसरी मोटर म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरचा पाण्याचा पंप घ्या. त्यात ‘एकात एक’ बसणाऱ्या लहान-मोठ्या कॉइल असतात, खाचा खोल असतात आणि तार जाड असते. हात बसवायला हे काम उत्तम.

मिक्सरच्या आर्मेचरला (तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाला) सुरुवातीला हात लावू नका. ती मोटर मिनिटाला १८-२० हजार फेरे फिरते. एका बाजूला वॉर्निश जरा जास्त बसलं तरी थरथर सुटते आणि कॉम्युटेटरच्या पट्ट्यांवर बारीक तारा जोडणं हे वेगळंच कसब आहे. बोअरवेलची सबमर्सिबलही घरच्या टेबलावरची गोष्ट नाही.

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी अगदी साधी मोटर करायची आहे. ती फिरतच नाही, फक्त थरथरते.

एक सेल, दोन सेफ्टी पिना, खाली चुंबक आणि वर एनॅमल (लाखेचा लेप दिलेल्या) तारेची गोल कॉइल, अशीच रचना असणार. दहा-पंधरा वेढे आणि २४ ते २६ गेजची तार पुरते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). अडतं ते तार खरवडताना. कॉइलचं एक टोक सगळीकडून खरवडायचं, दुसरं फक्त वरच्या अर्ध्या बाजूने. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली की अर्धा फेरा कॉइल पुढे ढकलली जाते आणि उरलेला अर्धा फेरा मागे. म्हणून ती जागच्या जागी हलत राहते. अर्धं एनॅमल ठेवल्यावर नको त्या अर्ध्या फेऱ्यात करंट बंद होतो आणि कॉइल आपल्या वेगाने तो भाग पार करते. कॉम्युटेटरचं काम हेच, ते इथे तारेवरच्या लाखेने केलं. कॉइल उभी धरून टेबलावर ठेवा आणि पॉलिश पेपरच्या पट्टीने वरच्या बाजूचंच एनॅमल काढा, म्हणजे बरोबर अर्धं निघतं.

फॅरडेने १८२१ मध्ये पाऱ्याच्या भांड्यात चुंबकाभोवती तार फिरवून दाखवली होती. मुलीला तेही सांगा. तिच्या हातातली कॉइल त्याच घराण्यातली आहे.

जुनं वायंडिंग काढण्याआधी काय काय टिपून ठेवायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एकदा तार उपटली की मोटरने जे सांगायचं ते तिच्यासोबत भंगारात जातं.

आधी नेमप्लेट: व्होल्ट, वॉट किंवा हॉर्सपॉवर, आरपीएम, कंडेन्सरची किंमत. मग दोन्ही बाजूंनी फोटो. त्यानंतर खाचांची संख्या, प्रत्येक कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत गेली आहे, रनिंगच्या (मोटर चालवणाऱ्या) कॉइल किती आणि स्टार्टिंगच्या (सुरुवात करून देणाऱ्या) किती. एका खाचेवर परमनंट मार्करने ‘१’ लिहून तिथूनच मोजायला लागा. जोडणीच्या दोऱ्या कापायच्या आधी कुठल्या कॉइलचा शेवट कुठल्या कॉइलला जोडलाय याचं चित्र काढा, हाताने आणि मोठं. फोटोत वॉर्निशखाली काय लपलंय ते नेमक्या वेळी दिसत नाही.

वेढे मोजताना एक कॉइल एका बाजूने कापून टोकं मोजायची. अशा किमान तीन कॉइल मोजा. आकडे जुळले नाहीत तर चौथी मोजा, सरासरी काढू नका. एखादी कॉइल जळून तिची तार तुटलेली असू शकते, किंवा आधीच्या भरणाऱ्याने दोन प्रकारच्या कॉइल टाकलेल्या असू शकतात.

तारेचं गेज मायक्रोमीटरने मोजा, पण एनॅमल काढून. लायटरवर टोक धरा, काजळी फडक्याने पुसा, मग मोजा. २८ गेजची उघडी तार ०.३७६ मिलिमीटर असते. एनॅमलसकट मोजली तर ०.४ च्या पुढे जाते आणि माणूस २७ गेज आणून मोकळा होतो. मग शेवटचे वेढे खाचेत मावत नाहीत. दोन तारा एकत्र धरून गुंडाळल्या आहेत का तेही बघा, पंपांत हे बऱ्याचदा असतं.

शेवटी काढलेल्या सगळ्या तारेचं वजन करा. नवी तार भरून झाल्यावर वजन जवळपास तेच आलं पाहिजे. वेढे चुकलेत का हे तपासायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

जुनी तार जाळून काढली तर लवकर निघते ना?

निघते, पण नका करू. एक तर वॉर्निश, कागद आणि स्लीव्ह जळताना निघणारा धूर विषारी असतो. फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा गच्चीवर तर मुळीच नको. दुसरं म्हणजे स्टेटर हा ठोकळा नसून पातळ पत्र्यांची चवड असते आणि दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशनचा पापुद्रा असतो. उघड्या आगीत तो जळतो, पत्रे एकमेकांना चिकटतात आणि लोखंडातच करंट घुमायला लागतो. अशी मोटर कितीही नीट भरली तरी रिकामी चालतानाही गरम होते.

घरी करायची पद्धत संथ आहे. एका बाजूची कॉइलची डोकी धारदार छिन्नीने स्टेटरच्या तोंडालगत कापा. हॉट एअर गनने दुसरी बाजू गरम करून वॉर्निश मऊ करा आणि पक्कडीने एकेक जुडगा ओढून काढा. खाचांच्या कडा वाकवू नका. रिकामी खाच कानसून कागदाला कापणारी धार घालवा.

तार कुठून आणायची? तांब्याची की ॲल्युमिनियमची?

ठाण्यात आणि वाशीत पंख्याची तार ठेवणारी दुकानं आहेत, पण नेमकं गेज किंवा थोडीच तार हवी असेल तर सीएसएमटीला उतरून लोहार चाळ गाठा. तिथे एनॅमल तार किलोवर मिळते, अर्धवट रीळही मिळतं. लेदरॉइड कागद (खाचेच्या आतलं इन्सुलेशन), स्लीव्ह, कॉटन टेप, वॉर्निश हेही त्याच गल्ल्यांत. ड्रायव्हर सर्किट, हॉल सेन्सर असलं इलेक्ट्रॉनिक्सचं सामान लॅमिंग्टन रोडला.

स्वस्त पंख्यांत आणि मिक्सरांत आता ॲल्युमिनियमची तार सर्रास असते. वर लाख असल्यामुळे ती तांब्यासारखीच दिसते. खरवडली की आतून पांढरी निघते आणि साध्या सोल्डरला दाद देत नाही. तिच्या जागी तांबं घालायचं असेल तर जवळपास ०.८ पट व्यासाची तांब्याची तार तोच रेझिस्टन्स देते. वेढे तेवढेच ठेवा. जागा उरते म्हणून वेढे वाढवू नका, वेढे वाढले की चुंबकत्व कमी होतं आणि पंखा मंद फिरतो.

वेढे आणि गेज बदलून मोटर वेगळ्या व्होल्टेजला चालवता येते का?

येते. प्रयोगाची खरी मजा इथेच सुरू होते. नियम सोपा आहे: वेढे व्होल्टेजच्या प्रमाणात आणि तारेचं क्षेत्रफळ त्याच्या उलट प्रमाणात. व्होल्टेज निम्मं करायचं तर वेढे निम्मे आणि तारेचं क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे व्यास १.४१ पट. २८ गेजच्या जागी २४ किंवा २५ गेज येईल, किंवा २८ च्याच दोन तारा जोडीने गुंडाळा. जोडीने गुंडाळणं नवशिक्याला सोपं जातं, कारण जाड तार खाचेत वळवताना एनॅमल तडकतं.

खाचेत भरलेलं तांबं आधी होतं तेवढंच राहतं, त्यामुळे मोटरची ताकदही तेवढीच राहते. अर्ध्या हॉर्सपॉवरची म्हणजे ३७३ वॉटची मोटर वेढे बदलून एक हॉर्सपॉवरची होत नाही. लोखंड तेवढंच आहे, थंड होणारा पृष्ठभाग तेवढाच आहे. हाताने भरलेल्या गोल तारेने खाचेच्या जागेपैकी साधारण ४० टक्के निव्वळ तांबं बसलं तर काम चांगलं झालं असं समजा.

पंख्याचा वेग वाढवता येईल का?

इंडक्शन मोटरचा वेग वेढ्यांवर नाही, पोलवर, म्हणजे कॉइलींनी तयार होणाऱ्या चुंबकी ध्रुवांच्या संख्येवर ठरतो. १२० गुणिले वारंवारता भागिले पोल. आपल्याकडे महावितरणची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २ पोलला ३०००, ४ पोलला १५००, १४ पोलला ४२८ आणि १६ पोलला ३७५ फेरे. रोटर त्याच्या थोडा मागेच राहतो. म्हणूनच ४ पोलच्या मोटरीवर १४४० लिहिलेलं असतं आणि २ पोलच्या पंपावर २८८०. १४-१४ कॉइलचा पंखा ५० हर्ट्झवर ४२८ च्या वर जाणार नाही, काहीही केलं तरी. पोल बदलायचे तर कॉइलचा सगळा आराखडाच बदलावा लागतो आणि खाचा आधीच ठरलेल्या असतात. व्हीएफडी नावाच्या उपकरणाने विजेची वारंवारता वाढवणं हा दुसरा मार्ग आहे, पण पंख्याच्या पात्यांवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. तो प्रयोग पाती काढून करा.

सगळ्या कॉइल भरल्या. जोडणी बरोबर झाली हे वीज लावण्याआधी कसं कळणार?

होकायंत्राने. एवढी सुंदर चाचणी दुसरी नाही.

पंख्याच्या स्टेटरवर रनिंगच्या सगळ्या कॉइल एकाच दिशेने गुंडाळलेल्या असतील तर जोडणी ‘शेवटाला शेवट, सुरुवातीला सुरुवात’ अशी करतात, म्हणजे शेजारचे पोल आलटून पालटून उत्तर-दक्षिण होतात. आता रनिंगच्या दोन टोकांना १२ व्होल्टचा डीसी ॲडॉप्टर लावा. स्टेटर टेबलावर आडवा ठेवा आणि लहानसं होकायंत्र त्याच्या कडेला टेकवून सावकाश गोल फिरवा. पहिल्या कॉइलसमोर काट्याचं लाल टोक आत ओढलं जाईल. पुढच्या कॉइलकडे सरकताना काटा क्षणभर घुटमळतो आणि गर्रकन फिरून पांढरं टोक आत करतो. पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. १४ पोलच्या स्टेटरभोवती पूर्ण फेरी मारली की काट्याने १४ वेळा कूस बदललेली असली पाहिजे. कुठे दोन कॉइलसमोर सलग लालच राहिला तर त्या दोघींमधली जोडणी उलटी आहे. एखाद्या कॉइलसमोर काटा मरगळला तर ती कॉइल आतून शॉर्ट असण्याचा संशय घ्या. मग स्टार्टिंगला तोच १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावून तीच फेरी मारा. तिचे पोल रनिंगच्या पोलांच्या बरोबर मधोमध पडायला हवेत.

पंपाच्या स्टेटरमध्ये पोल आतल्या बाजूला असतात, म्हणून होकायंत्र आत फिरवायचं. त्याचं वायंडिंग कमी ओहमचं असल्याने करंट जास्त जातो. चाचणी अर्ध्या मिनिटात उरका.

यानंतर मल्टिमीटर. पंख्याच्या तीन तारांपैकी दोन-दोन घेऊन तीन मापं घ्या. सगळ्यात मोठं माप बाकी दोन मापांच्या बेरजेइतकं आलं पाहिजे. ते मोठं माप ज्या दोन तारांमध्ये मिळालं, त्यात नसलेली तिसरी तार म्हणजे कॉमन.

पहिल्यांदा २३० व्होल्ट लावताना काय काळजी घ्यायची?

टेबलाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच. तो नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मोटर नंतर.

सिरीज बोर्ड करा: १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंट बल्ब मोटरच्या सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. वीज दिल्यावर बल्ब भक्कन पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, बल्बने तुमची तार वाचवली. बल्ब मंद राहिला आणि पंखा हळूहळू फिरायला लागला तर पुढची पायरी, बल्बशिवाय वीज.

सिरीज बोर्डला लावण्याच्याही आधी मेगर. ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन बघा. मल्टिमीटर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्याला हे दोष दिसत नाहीत. ताज्या, सुक्या वायंडिंगला १०० मेगओहमच्या वर सहज दाखवतं. ५ च्या खाली असेल तर वीज लावूच नका, आधी सुकवा. मेगर घरी नसेल तर ओळखीच्या वायंडरच्या गाळ्यात पाच मिनिटांचं काम असतं.

एक गैरसमज सारखा भेटतो. डिमरस्टॅट लावला म्हणजे आपण सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. डिमरस्टॅट व्होल्टेज कमी करतो, पण लाइनपासून तोडत नाही. त्याच्या आउटपुटला २० व्होल्ट असतानाही तारेचं टोक जमिनीच्या तुलनेत २३० वर असू शकतं. तोडायचं काम आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करतो. पण त्याच्या पुढे आरसीसीबी तुम्हाला वाचवू शकत नाही हेही लक्षात ठेवा. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्याची टोकं बल्बमधून जोडून तो रिकामा करा. पायात चप्पल असू द्या, हातात अंगठी-कडं नको, आणि घरात दुसरं कोणीतरी जागं असू द्या.

मोटर नुसती घुमते, फिरत नाही.

पहिला संशय कंडेन्सरवर. पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो. जुना झाला की तो घसरतो, दीडवर आला की पंखा रडत फिरतो. मीटरवर मोजा. तो ठीक असेल तर स्टार्टिंगची लाइन तुटली आहे का बघा. तीही ठीक असेल तर बेअरिंग किंवा बुश. वीज बंद करून रोटर हाताने फिरवा, खरखर लगेच कळते.

उलटा फिरत असेल तर रनिंग किंवा स्टार्टिंग यांपैकी एकाचीच दोन टोकं अदलाबदल करा.

पावसाळ्यात वॉर्निश वाळत नाही. काय करू?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्याची हवा कागदात आणि सुती टेपमध्ये शिरते. खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना तर ओलीबरोबर खारेपणाही. अशा वेळी वॉर्निश वरून वाळतं आणि ओल आत कोंडते. म्हणून वॉर्निशच्या आधी स्टेटर तापवून सुकवायचा: १०० ते ११० अंशांवर तीन-चार तास. जुना ओटीजी (घरचा छोटा ओव्हन) या कामाला चांगला, पण एकदा तो मोटरीला वापरला की पुन्हा त्यात खायचं काही भाजायचं नाही. स्टेटर कोमट असतानाच वॉर्निश ओता. ते पातळ होऊन खाचेच्या तळापर्यंत उतरतं. निथळू द्या, उलटं करून पुन्हा निथळू द्या, मग डब्यावर लिहिलेल्या तापमानाला आणि वेळेला भाजा.

वॉर्निशची वाफ पेट घेते. गॅस, निरांजन, सिगारेट असलं काहीही त्या खोलीत नको, खिडक्या सताड उघड्या.

वॉर्निश लावायचंच कशाला, असंही विचारतात. करंट वाहताना प्रत्येक तार सेकंदाला शंभर वेळा हलते. मोकळी राहिली तर शेजारच्या तारेवर घासत राहते आणि काही महिन्यांत एनॅमल जातं. वॉर्निश सगळ्या तारांना एकजीव करतं आणि उष्णताही बाहेर काढतं.

बीएलडीसी (कार्बन ब्रश नसलेली, रोटरवर चुंबकं असलेली) मोटर घरी गुंडाळता येते का?

येते, आणि ज्यांना लहान मोटरीत मन रमतं त्यांनी जरूर करावी. आरसी विमानांत आणि ड्रोनमध्ये वापरली जाणारी १२ दात, १४ चुंबकांची रचना सुरुवातीला घ्या. तीन फेज अ, ब, क मानले तर दातांवर क्रमाने असं गुंडाळतात: अ सुलट, अ उलट, ब उलट, ब सुलट, क सुलट, क उलट, अ उलट, अ सुलट, ब सुलट, ब उलट, क उलट, क सुलट. हा क्रम कागदावर लिहून समोर चिकटवा आणि झालेल्या दातावर खूण करा.

वेढे निम्मे केले की दर व्होल्टला मिळणारे फेरे दुप्पट होतात. तेच वायंडिंग स्टारऐवजी (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र) डेल्टामध्ये (तिन्ही फेज त्रिकोणात) जोडलं तर १.७३ पट. म्हणजे स्टारमध्ये दर व्होल्टला ५०० देणारी मोटर डेल्टामध्ये ८६५ च्या आसपास देईल. एक वायंडिंग, दोन जोडण्या, दोन मापं: शिकायला याहून सोयीचा प्रयोग नाही. साध्या निओडिमियम चुंबकांना ८० अंशांच्या पुढे नेऊ नका, ताकद कायमची जाते. आणि चुंबकं डोळ्यांपासून दूर हाताळा. दोन एकमेकांवर आपटली तर काचेसारखे तुकडे उडतात.

छताच्या पंख्यांतही आता हेच तंत्र आलंय. जुना पंखा ७५ वॉट खातो तिथे बीएलडीसी ३० च्या आसपास. बचत होते कारण रोटरमध्ये करंट निर्माण करायला वीज जात नाही, चुंबकं आयतीच असतात.

मोटरला जनरेटर जोडून तीच वीज परत मोटरला दिली तर? व्हिडिओत चालताना दाखवतात.

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून मनापासून उत्तर. चालत नाही. लहान मोटर ७० टक्के वीज फिरण्यात बदलते असं धरलं आणि जनरेटर त्यातलं ७० टक्के परत देतो असं धरलं, तरी हातात ४९ टक्के येतात. उरलेले ५१ तांब्याच्या, लोखंडाच्या आणि बेअरिंगच्या उष्णतेत गेले. कॉइल कशीही गुंडाळा, चुंबकं कशीही लावा, हा हिशेब शंभरच्या वर जात नाही.

प्रामाणिक माणसंही इथे फसतात ती मापनामुळे. धडधडत येणारा करंट साधा मल्टिमीटर चुकीचा वाचतो. एसीवर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट नव्हेत, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी चढत नसल्याने येणारी घट) मधे येतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीचं व्होल्टेज वर चढतं, पण तिच्यात ऊर्जा तेवढी साठलेली नसते.

घरातलं विजेचं मीटर याला खरा साक्षीदार आहे. बाकी सगळी उपकरणं बंद करा. मीटरवर एका युनिटला छोट्या दिव्याच्या ३२०० लुकलुक असं छापलं असेल तर एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा. १५ सेकंद आले तर तुमची मोटर ७५ वॉट घेतेय. यात पॉवर फॅक्टरचा घोळ नाही. आकडा वेगळा छापला असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा.

मग मोटर देते किती, ते कसं मोजायचं?

दोरीच्या ब्रेकने. शाफ्टवर पुली बसवा, तिच्यावरून सुती पट्टा अर्धा वेढा घालून दोन्ही टोकांना स्प्रिंगचे काटे लावा. पट्टा ताणला की दोन्ही काट्यांतला फरक म्हणजे घर्षणाचं बळ. फरक अर्धा किलो, पुलीची त्रिज्या ३ सेंटिमीटर: ०.५ गुणिले ९.८१ गुणिले ०.०३, म्हणजे ०.१४७ न्यूटन-मीटर. वेग टॅकोमीटरवर ३००० असेल तर सेकंदाला ३१४ रेडियन. गुणाकार ४६ वॉट. त्याच क्षणी मीटरची लुकलुक ७५ सांगत असेल तर कार्यक्षमता ६१ टक्के. ब्रेक घट्ट करत पाच-सहा मापं घ्या आणि आलेखावर मांडा. वेढे बदलून पुन्हा भरलेल्या मोटरचा आलेख त्याच कागदावर काढा. दोन रेषांमधलं अंतर हा तुमचा प्रयोग. पट्टा तापतो, म्हणून एका मापाला दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका, आणि तो कधीही बोटांना गुंडाळू नका.

सोसायटीत हे करायला कुणाची हरकत नसते?

हातोडी आणि छिन्नीचं काम दुपारी, वॉर्निश दुपारी, मोटर चालवणं रात्री दहाच्या आत. मोटरीखाली रबराचा जाड तुकडा ठेवा. थरथर स्लॅबमधून खालच्या घरात जाते आणि वर राहणाऱ्याला कळतही नाही. मीटर केबिनमध्ये प्रयोग नको, टेरेसवरही नको.

व्यावसायिक वायंडरकडे कधी जावं?

तीन फेज, एक हॉर्सपॉवरच्या वर, सबमर्सिबल, आर्मेचर बॅलन्सिंग, किंवा ज्या मोटरवर दुसऱ्या कुणाचं पाणी, पीठ किंवा पोट अवलंबून आहे अशी कुठलीही मोटर. वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळे-महापे-तुर्भ्याच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात वायंडरांचे गाळे आहेत. वागळे इस्टेट १९६२ मध्ये एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणून उभी राहिली आणि तिथे कारखान्यांच्या मोटरींसोबत त्या भरणारी माणसंही वाढली. दुपारच्या जेवणाच्या आधी जा, एखादी कॉइल भरताना बघू द्या म्हणा. बांबूची पट्टी खाचेत सारताना ते अंगठ्याने तारा कशा चापून बसवतात, लेदरॉइडचा कागद खाचेबाहेर किती ठेवतात आणि त्याची कड दुमडून कॉलर कशी करतात, हे लिहून सांगण्यासारखं नाही. बघून दोन मिनिटांत कळतं.

भरलेला पंखा घरात पुन्हा लावू का?

लावा, पण चार तास टेबलावर पूर्ण व्होल्टेजला चालवल्यानंतर. मोटर किती तापली हे हात लावून ठरवू नका, तांब्यालाच विचारा. सुरू करण्याआधी थंड वायंडिंगचा रेझिस्टन्स आणि खोलीचं तापमान लिहा. चार तासांनी वीज बंद करून, प्लग काढून लगेच पुन्हा रेझिस्टन्स घ्या. समजा ३० अंशांना २०० ओहम होता आणि आता २४० आला. २४० भागिले २०० म्हणजे १.२, गुणिले (३० अधिक २३४.५), त्यातून २३४.५ वजा; २३४.५ हा तांब्यासाठीचा ठरलेला आकडा. उत्तर ८३ अंश. इन्सुलेशन ‘बी’ वर्गाचं असेल तर त्याची मर्यादा १३० अंश, ‘ई’ वर्गाची १२०. मे महिन्यात खोली ३८ वर जाईल आणि व्होल्टेजही वर-खाली होईल, तेवढी जागा सोडून ८३ चांगलं आहे. शंभरच्या वर गेलं तर लावू नका, वेढे आणि गेज पुन्हा तपासा.

थंड झाल्यावर परत मेगर. मग छताला लावताना नवी रबर रीळ, शॅकलला नवा बोल्ट आणि नवी स्प्लिट पिन. पिनेचे दोन्ही पाय पक्कडीने पूर्ण दुमडा, आणि पहिले दोन-तीन दिवस त्या पंख्याखाली कुणी झोपणार नाही असं बघा.